‘शब्दाला खरा’ मधला ‘खरा’ फ्रेंचला का चालत नाही?

सायंवर्ग (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात वह्या तपासताना एका विद्यार्थिनीच्या उत्तरावर मी लाल रेघ मारली आणि तेव्हापासून माझेच समाधान झालेले नाही. मी संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकवतो. इंग्रजीतून फ्रेंचमध्ये न्यायच्या दहा वाक्यांपैकी एक होते, ‘ही वॉज ट्रू टू हिज वर्ड’. तिने ‘ट्रू’च्या जागी सरळ ‘व्ह्रे’ हा फ्रेंच शब्द घातला होता. मी तो खोडून ‘फिदेल’, म्हणजे एकनिष्ठ, असे लिहिले. वही परत घेताना तिने विचारले, “सर, आपण मराठीत ‘शब्दाला खरा’ म्हणतो, इंग्रजीतही तेच आहे. मग फ्रेंचलाच ते का खपत नाही?” ‘तसा प्रघात आहे’ असे सांगून मी वेळ मारून नेली. हा धागा त्या चुकारपणाचे प्रायश्चित्त समजावा.

घरी येऊन कोश उघडले तेव्हा ध्यानात आले की प्रश्न प्रघाताचा नाही. इंग्रजी ‘ट्रुथ’ हा मुळात विधानाचा गुण नव्हताच. तो माणसाचा गुण होता. दिलेला शब्द पाळणे, धन्याशी, मित्राशी, जोडीदाराशी इमान राखणे, हा त्याचा जुना अर्थ. त्याचेच दुसरे रूप ‘ट्रोथ’. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात विवाहाच्या वेळी वर वधूला आपला ‘ट्रोथ’ देतो, आणि वाङ्निश्चयाला इंग्रजीत आजही ‘बिट्रोथल’ म्हणतात ते त्यावरूनच. बोललेले वस्तुस्थितीशी जुळते की नाही, हा अर्थ मध्ययुगाच्या उत्तरार्धात बळावत गेला आणि हळूहळू त्याने घर बळकावले. जुना मालक मात्र पुरता गेला नाही. ‘ट्रू फ्रेंड’, ‘ट्रू टू हिज वर्ड’ अशा प्रयोगांत तो अजून माडीवर राहतो.

फ्रेंच ‘व्हेरिते’ लॅटिन ‘व्हेरितास’वरून आली. तिचा वावर विधान, साक्ष, ज्ञान ह्या प्रांतात. देकार्त ह्या तत्त्ववेत्त्याने १६३७ मध्ये आपला पद्धतीवरचा ग्रंथ विद्वानांच्या लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहिला, तेव्हा त्याच्या लांबलचक शीर्षकातच बुद्धी नीट चालवून शास्त्रांमध्ये ‘व्हेरिते’ शोधण्याची गोष्ट आली. इमानासाठी फ्रेंचने ‘फिदेलिते’ आणि ‘ल्वायोते’ असे वेगळे शब्द ठेवले. एका भाषेत जे दोन अर्थ एकाच छपराखाली नांदतात, त्यांची दुसरीत वाटणी झालेली आहे.

येथवर मराठी इंग्रजीच्या बाजूची वाटते, कारण आपणही ‘शब्द खरा केला’ म्हणतो. मात्र दुसऱ्या एका बाबतीत ती फ्रेंचच्या शेजारी जाऊन बसते. आपण ‘खरे बोलणे’ आणि ‘सत्य सांगणे’ ह्यांत फरक करतो. पहिले रोजचे, दुसरे गंभीर. फ्रेंचमध्येही ‘दीर व्ह्रे’ आणि ‘दीर ला व्हेरिते’ अशी जोडी आहे. इंग्रजीला मात्र पहिल्यासाठीही ‘टेल द ट्रुथ’ असेच म्हणावे लागते.

आणखी एक अडचण उपपदांची आहे. इंग्रजीत ‘ट्रुथ’ आणि ‘द ट्रुथ’ वेगळे: पहिले म्हणजे सत्य ही संकल्पना, दुसरे म्हणजे ह्या प्रकरणात खरे काय घडले ते. फ्रेंचला भाववाचक नामाआधीही उपपद लागते, त्यामुळे दोहोंसाठी ‘ला व्हेरिते’च. शिवाय ती स्त्रीलिंगी आहे. १८९६ मध्ये जेरोम ह्या चित्रकाराने विहिरीतून बाहेर येणारी विवस्त्र व्हेरिते रंगवली आणि पुढे द्रेफ्यूस ह्या निरपराध लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवल्याच्या प्रकरणात कादंबरीकार झोलाने ‘ला व्हेरिते निघाली आहे, तिला कोणी अडवू शकणार नाही’ असे लिहिले. मराठीत ‘ते सत्य निघाले आहे’ म्हटले तर पाय कोणाचे, हे डोळ्यांपुढे येत नाही.

विशेषण नामाच्या पुढे की मागे, ह्यावरूनही फ्रेंचमध्ये अर्थ बदलतो. ‘व्ह्रे’ आधी आला तर ‘खराखुरा’, नंतर आला तर ‘प्रत्यक्ष घडलेला’. मित्र असेल तर तो आधी, हकीकत असेल तर नंतर. आपल्याला ‘खरी गोष्ट’ एवढ्यावर दोन्ही भागवावे लागते.

तर जाणकारांना विचारायचे ते असे: ‘ट्रुथ’ आणि ‘व्हेरिते’ दोन्हींसाठी आपण डोळे मिटून ‘सत्य’ लिहितो, ते कितपत योग्य आहे? माझे मत असे होत चालले आहे की निम्म्या ठिकाणी तेथे ‘खरे’ किंवा ‘खरेपणा’ हवा असतो आणि आपण भारदस्तपणाच्या हौसेने ‘सत्य’ ठेवून देतो.

पिंपळपान

धागा आवडला, परंतु एक दुरुस्ती आणि एक भर.

भर आधी. जुन्या इंग्रजीत वस्तुस्थितीला धरून असलेल्या गोष्टीसाठी स्वतंत्र शब्द होता, ‘सोथ’, पुढे त्याचा ‘सूथ’ झाला. हा आपल्या ‘सत्’ आणि ‘सत्य’चा नातेवाईक आहे, दोन्हींच्या मुळाशी ‘असणे’ ह्या अर्थाचा एकच प्राचीन धातू आहे, संस्कृतातला ‘अस्’. जे आहे ते सत्य, इतकी साधी कल्पना. आज इंग्रजीत तो ‘सूथसेयर’मध्ये, म्हणजे भविष्य सांगणाऱ्यात, आणि थट्टेने उच्चारायच्या ‘फॉरसूथ’मध्ये तेवढा उरला आहे. इंग्रजीजवळ ‘सत्य’ होते, ते तिने अडगळीत टाकले आणि इमानाच्या शब्दाच्या डोक्यावर सत्याचाही भार दिला. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ह्या अदलाबदलीत आहे असे मला वाटते.

आता दुरुस्ती. फ्रेंच ‘व्हेरिते’ ही जन्मापासून विधानाचीच बाब होती, असे आपल्या लेखावरून वाटते. ते तितके सरळ नाही. लॅटिन ‘व्हेरुस’चे, म्हणजे ‘खरा’चे, नाते जर्मन ‘वार’शी जसे आहे, तसेच श्रद्धा ह्या अर्थाच्या रशियन ‘व्हेरा’शीही आहे. फार मागे गेलो तर तेथेही ‘ज्यावर विसंबावे ते’ असाच अर्थ असावा. वाटणी झाली हे खरे, पण ती लॅटिनच्या घरात आधीच होऊन गेली होती आणि फ्रेंचला वाटून झालेली इस्टेट मिळाली.

‘ट्रू’च्या मुळाशी कोशकार ‘घट्ट, टणक’ असा अर्थ सांगतात आणि त्याच मुळातून इंग्रजीतले झाड आणि संस्कृतातले ‘दारु’, ‘द्रुम’ आले, असे मानतात. (हा देवदारातला दारु, बाटलीतला नव्हे.) मराठी ‘खरा’ हादेखील ‘खर’, म्हणजे कठीण, तीक्ष्ण, ह्याच्याशी जोडला जातो. दोन्हीकडे जे दाबले तरी चेपत नाही ते खरे. मात्र व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे विसरू नये. ‘ट्रुथ’ उच्चारणाऱ्या इंग्रजाला झाड आठवत नाही आणि ‘खरे सांग’ म्हणणाऱ्या आईला कठीणपणा आठवत नाही.

बाररूम

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. शब्दकोशापेक्षा साक्षीदाराचा पिंजरा माझ्या ओळखीचा असल्याने तेथले सांगतो.

इंग्लंडमधला साक्षीदार स्वतःच्या तोंडाने म्हणतो की मी सांगेन ते सत्य, संपूर्ण सत्य आणि सत्याखेरीज काही नाही असे असेल. आपल्या १९६९ च्या शपथ अधिनियमातला नमुना त्याच वळणाचा आहे. मराठीत मात्र त्याचे रूप बहुधा ‘खरे सांगेन, खोटे सांगणार नाही’ असे सुटसुटीत होते. गावाकडच्या वृद्ध साक्षीदारासमोर ‘सत्य, संपूर्ण सत्य’ अशी चढती भाजणी म्हटली तर तो गोंधळतो. ‘खरे सांगेन’ म्हटले की त्याचा हात आपोआप छातीकडे जातो. धागाकर्त्यांच्या ‘सत्य’ की ‘खरे’ ह्या प्रश्नाचा निकाल निदान पिंजऱ्यात केव्हाच लागलेला आहे.

फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्यांच्या न्यायालयात शपथेचे शब्द अध्यक्ष वाचून दाखवतात आणि साक्षीदार उजवा हात वर करून ‘शपथ घेतो’ एवढेच म्हणतो. ती शपथ अशी: द्वेषावाचून आणि भयावाचून बोलेन, संपूर्ण सत्य सांगेन, सत्याखेरीज काही नाही. इंग्रजीतले तिहेरी ‘ट्रुथ’ येथे दोनदाच आहे. पहिल्याच्या जागी द्वेष आणि भय आले आहेत. मला ही शपथ अधिक शहाणी वाटते. तीस वर्षांत मी जी खोटी साक्ष पाहिली तिच्यात लोभाचा वाटा होता, पण भावकीचा द्वेष आणि गावगुंडाचे भय ह्यांच्या मानाने तो थोडाच होता.

फ्रेंच फौजदारी प्रक्रिया संहितेत तपास न्यायाधीशाला अधिकार दिले आहेत ते ‘सत्य प्रकट होण्यासाठी’ उपयोगी वाटेल ते करण्याचे. तेथे सत्य कोठेतरी आहे आणि राज्यसंस्थेने ते बाहेर काढायचे आहे. इंग्रजी पद्धतीत दोन पक्ष आपापले म्हणणे मांडतात आणि ज्युरी सांगते ते सिद्ध झाले किंवा झाले नाही. एकीकडे सत्य शोधले जाते, दुसरीकडे साक्षीदाराकडून त्याचे वचन घेतले जाते. सायंवर्ग म्हणतात तो ‘ट्रोथ’ मला येथे दिसतो.

गंमत अशी की ‘व्हर्डिक्ट’ हा इंग्रजी शब्द इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून आला, अर्थ ‘खरे बोललेले’. तसाच आपल्याकडे बालसाक्षीदाराच्या बाबतीत रोज उच्चारला जाणारा ‘वॉयर डायर’. लहान मुलाला साक्षीचे गांभीर्य कळते का, हे पाहण्यासाठी न्यायाधीश आधी साधे प्रश्न विचारतात: शाळा कोणती, खोटे बोलले तर काय होते, वगैरे. ज्यांना थोडे फ्रेंच येते असे नवे वकील हटकून सांगतात की ह्याचा अर्थ ‘पाहणे आणि बोलणे’. तसे नाही. ह्यातला ‘व्ह्वार’ पाहण्याचा नसून जुन्या फ्रेंचमधला ‘खरे’ ह्या अर्थाचा आहे. ‘खरे बोलणे’ इतकाच त्याचा अर्थ. फ्रेंचने स्वतः तो शब्द टाकून दिला आणि तो येथे काळ्या कोटात राहिला.

एकदा अशाच चाचणीत सातेक वर्षांच्या मुलीला न्यायाधीशांनी विचारले, “खरे म्हणजे काय?” ती म्हणाली, “आई नसली तरी तेच सांगायचं.” टंकलेखकाने मान वर करून पाहिले. कायद्यानेही बारा वर्षांखालच्या मुलाला खरे बोलण्याचे कर्तव्य समजते, पण शपथ म्हणजे काय हे कळत नाही, असे न्यायालयास वाटले, तर शपथेवाचून साक्ष घेता येते. ह्या तरतुदीत खरेपणा शपथेच्या आधीचा मानला आहे.

चारजॉ चक

इतक्या विद्वानांत लेथवाल्याने बोलावे की नाही, असा प्रश्न पडला होता, तरी बोलतो.

आमच्या शॉपमध्ये ‘ट्रू’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो आणि त्याचा बोलण्याशी काही संबंध नसतो. चार जॉच्या चकमध्ये, म्हणजे लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) बांधला की तो लगेच मध्यावर फिरत नाही. डायलचा काटा जॉबला टेकवायचा, चक हाताने फिरवायचा, काटा ज्या बाजूला जास्त जातो त्या बाजूचा जॉ थोडा आवळायचा, समोरचा सैल करायचा. काटा हलायचा थांबला की जॉब ‘ट्रू’ झाला. सायकलवाला चाकाच्या तारा आवळून ‘आउट काढतो’ ते हेच काम, आणि त्यालाही इंग्रजीत ‘ट्रू करणे’च म्हणतात. येथे ट्रू म्हणजे अक्षाशी इमान राखणारा, असे आता हा धागा वाचून वाटले. फ्रेंच लेथवाला काय म्हणतो?

सायंवर्ग

चारजॉ चक, लेथवाल्याचे मला ठाऊक नाही, पण सायकलवाल्याचे ठाऊक आहे आणि ते सांगताना मला फार आनंद होतो आहे. वाकड्या झालेल्या चाकाला फ्रेंचमध्ये ‘व्ह्वाले’ म्हणतात, शिडासारखे फुगलेले असे समजा, आणि त्याचा आउट काढणे म्हणजे ‘देव्ह्वाले’. हेच क्रियापद पडदा दूर सारणे, गुपित उघड करणे ह्यासाठीही वापरतात, कारण शीड आणि बुरखा दोन्हींचे लॅटिन मूळ एकच. इंग्रज चाक ‘खरे’ करतो आणि फ्रेंच माणूस त्याचा बुरखा काढतो. बाररूम ह्यांनी दोन न्यायालयांबद्दल जे लिहिले तेच सायकलच्या दुकानात सापडावे, हा अर्थातच योगायोग आहे. त्यावर सिद्धान्त उभारण्याचा मोह मी आवरतो.

नक्कल विभाग

माफ करा, पण मला हे सगळे जरा ताणलेले वाटते. मी दाखले, जन्मनोंदी, गुणपत्रके ह्यांची भाषांतरे करतो. संदर्भ कळला की शब्द सापडतो. त्यासाठी नॉर्मनांपर्यंत जावे लागत नाही. ‘ट्रू कॉपी’ला फ्रेंचमध्ये ‘कोपी काँफोर्म’ म्हणतात, म्हणजे मुळाशी जुळणारी प्रत. मराठीत सत्यप्रत. विषय संपला.

पिंपळपान

नक्कल विभाग, विषय संपला म्हणता म्हणता आपण ह्या धाग्यातले सर्वांत चांगले उदाहरण देऊन गेलात. सत्यप्रतीत सत्य कोठे असते? खोट्या दाखल्याचीही सत्यप्रत निघू शकते. ती मुळाशी इमान राखते, एवढेच शिक्का सांगतो. येथला ‘ट्रू’ तोच जुना, माडीवरचा. आपण तो ओळखला नाही आणि ‘सत्य’ लिहून मोकळे झालो. आता पेशवाईतल्या कागदांवरचा शेरा आठवा: ‘अस्सलबरहुकूम नक्कल’. मुळाबरहुकूम, म्हणजे फ्रेंचांचे ‘काँफोर्म’ जसेच्या तसे. इंग्रजी अंमलापूर्वी आपण हे नेमके म्हणत होतो आणि नंतर इंग्रजीवरून भाषांतर करून अनेमके म्हणू लागलो. भारदस्तपणाची हौस म्हणून सायंवर्गांनी जे म्हटले ते हेच.

नक्कल विभाग

हे मान्य. शिक्का मात्र बदलून मिळणार नाही.

येरवड्याचा रस्ता

‘सत्य’ ह्या शब्दावर येथे थोडा अन्याय होतो आहे, म्हणून लिहितो. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना जी पत्रे लिहिली त्यांत पहिला विषय सत्याचा आहे, आणि सुरुवातच अशी की सत्य हा शब्द ‘सत्’पासून आला, सत् म्हणजे असणे. पिंपळपान ह्यांनी ‘सूथ’बद्दल सांगितले तेच. पुढच्या वर्षी डिसेंबरात ते स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँला भेटायला गेले असता लोझानच्या सभेत त्यांना विचारण्यात आले की आपण सत्यालाच ईश्वर का म्हणता. उत्तरात त्यांनी सांगितले की पूर्वी मी ‘ईश्वर सत्य आहे’ म्हणत असे, आता ‘सत्य ईश्वर आहे’ म्हणतो. आणि असेही सांगितले की इंग्रजीतल्या प्रेमवाचक शब्दाला अनेक अर्थ आहेत, पण सत्याच्या बाबतीत मला दुहेरी अर्थ कधी आढळला नाही.

हा धागा वाचल्यावर ते विधान इंग्रजी ‘ट्रुथ’ला लागू पडत नाही, हे उघड आहे, त्यात दुहेरी अर्थ शतकानुशतके आहे. मात्र गांधीजी इंग्रजी बोलत असले तरी विचार ‘सत्’मधून करत होते, आणि तेथे ते बरोबर आहेत. शिवाय ‘ट्रुथ इज गॉड’ मध्ये उपपद नाही. फ्रेंचमध्ये ते वाक्य न्यायचे तर ‘ला’ घालावाच लागतो, आणि मग ऐकणाऱ्याला विहिरीतून येणारी ती बाई दिसत असली तर नवल नाही. अशा ठिकाणी ‘खरे’ चालणार नाही. ‘खरे हाच ईश्वर’ म्हणून पाहा. जीभच अडते.

तुकोबांनी दोन्हींचा मेळ घातला आहे: ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’. सत्य संस्कृतातले आणि ग्वाही फारसीतून आलेली, थेट कचेरीतली. बाररूम ह्यांना आवडेल.

कात्र बोर्न

मी मॉरिशसचा मराठी. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले. घरी क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली आमची बोली), वर्तमानपत्र फ्रेंच, शाळेची पुस्तके इंग्रजी, आणि आजीबरोबर मोडकीतोडकी मराठी, असा आमचा संसार असल्याने हा धागा मला घरचाच वाटला. माझ्या मराठीतल्या चुका सांभाळून घ्याव्यात.

उपपदाबद्दल एक सांगतो. आमच्या क्रेओलमध्ये सत्याला ‘लाव्हेरिते’ म्हणतात, एकच शब्द. मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी फ्रेंच कानांनी ऐकली, तेव्हा ‘ला’ कोठे संपतो आणि ‘व्हेरिते’ कोठे सुरू होते हे त्यांना कोणी लिहून दाखवले नव्हते. उपपद नामाला कायमचे चिकटले. त्यामुळे आता आम्हांला तो ‘ला’ ऐकू येत नाही, आणि तुमच्यासारखेच आम्हीही उपपदावाचून सत्य बोलतो.

‘व्ह्रे’ मात्र रोजच्या तोंडात असतो. कोणी काही नवल सांगितले की ‘व्ह्रे?’ असे विचारायचे. आजी अशा वेळी ‘खरं का काय?’ म्हणायची, आणि लहानपणी मला वाटायचे की हे दोन्ही एकाच भाषेतले आहे.

सायंवर्ग

सर्वांचे आभार. कात्र बोर्न, आपली मराठी मोडकी मुळीच नाही.

पिंपळपान ह्यांच्या दुरुस्तीनंतर मी पुन्हा शोधले, तेव्हा एवढे उमगले की ‘ट्रोथ’चा खरा फ्रेंच जोडीदार ‘व्हेरिते’त शोधायचाच नव्हता. तो ‘फ्वा’ आहे, म्हणजे श्रद्धा, भरवसा, दिलेले वचन. सरंजामदारापुढे गुडघे टेकून मांडलिक जी वाहत असे ती फ्वा, विश्वासार्ह साक्षीदार तो ‘फ्वाला पात्र’, आणि नक्कल विभाग ह्यांच्या हातून जाणाऱ्या फ्रेंच दाखल्यांच्या शेवटी ‘आँ फ्वा द क्वा’ (ह्याची ग्वाही म्हणून) असते, तीही तीच. ‘फिदेल’ हा ह्याच कुळातला. तेव्हा लाल रेघ चुकीची नव्हती. तिच्या शेजारी दोन ओळी लिहायला हव्या होत्या. त्या मी काल वहीत लिहिल्या आणि सत्यप्रतीचे उदाहरणही घातले. वाचून ती म्हणाली, “म्हणजे माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेची सत्यप्रत खरी आहे, पण तेवढ्यावरून गुण खरे आहेत असं नाही ठरत.”

पुढच्या आठवड्याच्या कागदावर ते वाक्य मी पुन्हा ठेवले आहे, फक्त ह्या वेळी इंग्रजीतून नव्हे, मराठीतून: ‘त्याने दिलेला शब्द खरा केला.’ उत्तरे शुक्रवारी हाती येतील.